महापालिकेचा पैसा आणि आपली सामाजिक संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेघरांचा निवारा, पाळणाघर, दिव्यांग मुलांचं केंद्र, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र चालवणाऱ्या छोट्या संस्थांकडून वर्षभर मला तेच तेच प्रश्न येतात, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, कोणी "ताई, पाच मिनिटं बोलायचं होतं" म्हणून फोन करतं आणि तासभर बोलतं. मी काही वर्षं एका निवाऱ्याचे हिशोब आणि महापालिकेचा पत्रव्यवहार बघत होते, आता इतर संस्थांचे कागद लावून देते. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलंय. हे महाराष्ट्रातल्या महापालिकांबद्दल आहे. नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा कायदा आहे, मुंबईला १८८८ चा, बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. खाली कलमं दिलीत ती, वेगळा कायदा सांगितला नसेल तिथे, या १९४९ च्या कायद्यातली.

१. महापालिका संस्थांना खरंच पैसे देते का? की हे फक्त मोठ्या एनजीओंसाठी असतं?

देते, आणि छोट्या संस्थांनाही देते. पण देणगी म्हणून देते असं डोक्यात धरून गेलात तर पहिल्याच टेबलावर अडकाल. जे काम महापालिकेने करायचं आहे ते ती तुमच्याकडून करून घेते आणि त्याचे पैसे देते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली (१ जून १९९३ पासून लागू), तिच्यात शहरांकडे द्यायचे १८ विषय आहेत, त्यात दुर्बल घटक आणि अपंगांच्या हिताचं रक्षण आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी गरिबी कमी करणं आहे. म्हणजे निवारा चालवणं किंवा वस्तीत पाळणाघर चालवणं हे तुमचं खासगी पुण्यकर्म नाही, शहराचं काम आहे. प्रस्तावात "आम्हाला मदत करावी ही नम्र विनंती" असं लिहिण्याऐवजी "मनपाच्या अमुक योजनेअंतर्गत हे काम आम्ही या दराने करू शकतो" असं लिहा. कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही पुढे टिपण ठेवायला तेच सोपं जातं.

२. कुठल्या डिपार्टमेंटला भेटायचं? आम्हाला तीन ठिकाणी फिरवलं.

बहुतेक ठिकाणी समाज विकास विभाग, जुनं नाव नागरवस्ती विकास योजना, अजूनही बरेच लोक "यूसीडी"च म्हणतात. पुणे, पिंपरी-चिंचवडला हेच. टीबी, एचआयव्ही, व्यसनमुक्ती असेल तर आरोग्य विभाग. शाळेतल्या मुलांचं असेल तर शिक्षण विभाग, आणि जागा हवी असेल तर मालमत्ता विभाग (प्रश्न १६ बघा). आणि एक गोष्ट, सरळ उपायुक्तांच्या केबिनबाहेर बसू नका, आधी तुमच्या वॉर्ड ऑफिसमधल्या समूह संघटकाला किंवा संघटिकेला भेटा. वस्तीत रोज फिरणारा माणूस तोच असतो आणि पुढे तुमच्या बिलावर कामाची खात्री म्हणून सही त्याचीच लागते.

३. बजेटमध्ये आमच्यासारख्यांसाठी नेमका पैसा कुठे असतो?

वेगवेगळ्या हेडखाली विखुरलेला असतो. दिव्यांग कल्याण (प्रश्न ९ बघा), महिला व बालकल्याण, मागासवर्गीय कल्याण, शहरी गरीब, बेघर निवारा, आरोग्यातले कार्यक्रम. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. समाजकल्याणाचा बराच भाग ऐच्छिक बाजूला पडतो, म्हणून पैसा कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते. बजेटचं पुस्तक मनपाच्या वेबसाइटवर असतं. जाडजूड असतं, वाचायला कंटाळवाणं आहे, तरी तुमच्या विभागाची पानं काढून लेखाशीर्ष आणि मागच्या वर्षी तरतूद किती होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला हे दोन आकडे लिहून घ्या. दोन कोटींची तरतूद आणि खर्च चाळीस लाख असं दिसलं तर तुमच्या प्रस्तावाला तिथे जागा आहे, आणि ते प्रस्तावात लिहायला अजिबात लाजू नका.

४. अनुदान आणि वर्क ऑर्डर यात फरक काय? आमच्या खजिनदारांना दोन्ही सारखंच वाटतं.

सारखं अजिबात नाहीये, आणि मी बघितलेल्या अडचणींपैकी निम्म्या इथूनच सुरू झाल्यात.

अनुदान म्हणजे ठरावीक कारणासाठी दिलेली रक्कम, तुम्ही खर्च करायची, हिशोब द्यायचा, उरली तर परत करायची. वर्क ऑर्डर म्हणजे करार, तुम्ही सेवा द्यायची, बिल लावायचं, काम कमी झालं तर बिलातून कपात, दंड. अनुदानात हिशोब चुकला तर वसुली लागते, वर्क ऑर्डरमध्ये अटी मोडल्या तर डिपॉझिट जातं आणि काळ्या यादीत नाव जाऊ शकतं. टॅक्सही वेगळा पडतो (प्रश्न १२ बघा).

आजकाल महापालिका थेट अनुदान फार कमी देतात, जास्त करून ईओआय (इच्छुक संस्थांकडून प्रस्ताव मागवणारी जाहिरात) किंवा ई-निविदा काढून संस्था निवडतात. त्यासाठी राज्य शासनाच्या महाटेंडर्स या ई-निविदा पोर्टलवर रजिस्ट्रेशन आणि संस्थेच्या अधिकृत माणसाच्या नावाने डिजिटल सिग्नेचर लागते, बयाणा रक्कम लागते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सिग्नेचरची मुदत संपलेली लक्षात आली आणि संस्था बाहेर पडली असं डोळ्यांदेखत झालंय, आठ वर्षं काम केलेली संस्था होती, खूप वाईट वाटलं. निवड झाली की करारनामा, तो स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प चालत नाही, किमान पाचशेचा लागतो.

करारात चार गोष्टी सही करायच्या आधी शोधा: बिल किती दिवसांत अदा करणार, लाभार्थी कमी-जास्त झाले तर दर कसा लावणार, वीज-पाणी कोणाचं, आणि मुदत संपल्यावर नवी संस्था येईपर्यंत काम कोण बघणार. ही चौथी गोष्ट जवळजवळ कोणीच विचारत नाही (प्रश्न १९ बघा).

५. कागदपत्रं कुठली लागतात?

न्यास नोंदणीचं प्रमाणपत्र (१९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचं, सोसायटी असाल तर १८६० च्या कायद्याचंही, सेक्शन ८ कंपनी असेल तर कंपनीचे कागद), परिशिष्ट १ चा (विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय नोंदीचा) ताजा उतारा, संस्थेची घटना, पॅन, आयकर सवलतीची बारा-ए आणि ऐंशी-जी ची प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचसकट, कार्यकारिणीचा ठराव, बँकेचा रद्द केलेला चेक, केलेल्या कामाचे फोटो आणि पत्रं.

बारा-ए, ऐंशी-जी वाल्यांनी तारीख बघा. १ एप्रिल २०२१ पासून ही नोंदणी कायमची राहिलेली नाही, प्रमाणपत्रावरची मुदत संपायच्या आत नूतनीकरण लागतं. जुनं २००५ चं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं आणि तेच झेरॉक्स करून जोडतात, ते चालत नाही.

६. संस्थेचा चेंज रिपोर्ट धर्मादायकडे अडकलाय, जुने अध्यक्ष वारलेत. अर्ज करता येईल का?

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. विश्वस्त बदलले की बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट म्हणजे बदल अहवाल दाखल करायचा असतो (न्यास नोंदणीच्या १९५० च्या कायद्याचं कलम २२). दाखल केलाय पण मंजूर व्हायचाय, असं असेल तर अर्ज करा, सोबत दाखल केल्याचा क्रमांक, निवडीच्या सभेचं इतिवृत्त आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव जोडा. बरेच अधिकारी एवढ्यावर कागद पुढे नेतात. पण करारावर सही करायच्या वेळी परिशिष्टावर मयत माणसाचं नाव आणि सही तिसऱ्याची असं दिसलं की लेखा विभाग थांबवतोच, आणि त्यांचं चूकही नाही. दाखलच केला नसेल तर विलंब माफीच्या अर्जासकट आधी ते करा, मनपाचं नंतर.

७. अर्ज कधी करायचा? आम्ही मार्चमध्ये दिला तर म्हणाले बजेट संपलं.

मार्चमध्ये मागच्या वर्षाची बिलं ढकलणं चालू असतं, नव्या कामाकडे बघायला कोणालाही वेळ नसतो. विभागाकडून पुढच्या वर्षाची मागणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लेखा विभागाकडे जाते, आयुक्तांचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास स्थायी समितीकडे, तिथून मुख्य सभेकडे, आणि एक एप्रिलला नवं वर्ष. म्हणजे गणपती झाले की प्रस्ताव आवक क्रमांक घेऊन विभागात पोचलेला पाहिजे. नुसता साहेबांच्या हातात दिलेला प्रस्ताव म्हणजे न दिलेला प्रस्ताव, आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर नंबर घ्या. मध्येच पैसे हवे असतील तर दुसऱ्या हेडवरून वर्गीकरण करून मिळू शकतात, पण ते तुमच्या हातात नसतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या, नव्या वर्क ऑर्डर थांबतात, आधीपासून चालू असलेलं काम थांबत नाही. तुमच्या निवाऱ्याचं बिल आचारसंहितेचं कारण सांगून कोणी अडवत असेल तर लेखी विचारा.

८. बेघर निवारा चालवायला किती पैसे मिळतात? परवडतं का?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण याच कामात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय करायला सांगितली, तेच माप पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात आलं (नंतरचं नाव दीनदयाळ अंत्योदय योजना). पुण्याची मनपा हद्दीतली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांच्या वर होती, म्हणजे त्या मापाने तीन हजारांहून जास्त माणसांची सोय पाहिजे. मुंबईची तेव्हा १ कोटी २४ लाख, तिथे बारा हजारांच्या वर. तुमच्या शहराचा हिशोब स्वतः करा आणि चालू निवारे मोजा, प्रस्तावाचं पहिलं पान तयार होईल.

अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी ५० चौरस फूट जागा, चोवीस तास उघडा, एक मॅनेजर आणि पाळीने तीन केअरटेकर असं होतं. ५० माणसांच्या निवाऱ्याला चालवण्याच्या खर्चासाठी वर्षाला ६ लाख धरले होते. आता हे महिन्यावर आणा, ५० हजार. माणशी महिन्याला हजार रुपये, एका रात्रीचे तेहतीस. त्यातून चार माणसांचे पगार, साबण, फिनेल, लाइट बिल, गाद्या, औषधं. चौघांना पगार सारखा वाटला तरी प्रत्येकी साडेबारा हजार होतात आणि दुसऱ्या कशालाच पैसा उरत नाही. त्यामुळे परवडतं का, तर फक्त या आकड्यावर परवडत नाही, कुठलीही संस्था वरचे पैसे लोकांकडून गोळा करूनच चालवते. काही महापालिका स्वतःच्या निधीतून वर भर घालतात, काही घालत नाहीत. निविदा भरताना हा आकडा समोर ठेवा आणि कमीत कमी दर टाकून काम घ्यायची घाई करू नका, कारण कमी टाकलेला प्रत्येक रुपया शेवटी केअरटेकरच्या पगारातून आणि झोपायला आलेल्या माणसाच्या पांघरुणातून जातो.

पांघरुणावरून आठवलं. पहिल्या वर्षी ऑडिटला आमच्याकडे साठ ब्लँकेटं खरेदी दिसत होती आणि मोजली तर सत्तेचाळीस भरली. तेरा कुठे गेली तर थंडीत पहाटे काम शोधायला जाणारी माणसं अंगावर घेऊन गेली, काही परत आलीच नाहीत, एक आजोबा तर ससूनला अ‍ॅडमिट करताना ब्लँकेटसकटच गेले. ऑडिटरला हे तोंडी सांगून चालत नाही. तेव्हापासून जडवस्तू नोंदवहीत प्रत्येक ब्लँकेटला नंबर, आणि गहाळ झालं की त्याच दिवशी कारण आणि केअरटेकरची सही. व्यवस्थापन समितीच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ती यादी वाचून मंजूर करून घ्यायची. एवढं केलं की वसुली लागत नाही आणि कोणाच्या अंगावरचं पांघरूणही ओढून घ्यावं लागत नाही.

९. दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी असतो म्हणे. तो आमच्या संस्थेला मिळेल का?

हा निधी दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही. आधी १९९५ च्या कायद्यात ३ टक्के होतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३७ खाली ५ टक्के आलं, आणि राज्य शासनाने स्थानिक संस्थांना दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायला सांगितलंय. बराच भाग थेट माणसाच्या खात्यात जातो, महिन्याचं अर्थसाहाय्य, उपकरणं वगैरे. पण थेरपी सेंटर, प्रशिक्षण, वाहतूक अशा सामूहिक सेवा याच तरतुदीतून संस्थेमार्फत चालवता येतात, तिथे तुम्हाला संधी आहे. काही महापालिका हे काम स्वतःच करतात, नवी मुंबईचं वाशीचं ईटीसी केंद्र याचं चांगलं उदाहरण, तिथे जाऊन एकदा बघून या. आणि लक्षात ठेवा, याच कायद्याखाली दिव्यांगांसाठी संस्था चालवायला वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ट्रस्टची नोंदणी त्याला पुरत नाही.

१०. नगरसेवक म्हणतात माझ्या फंडातून तुमच्या संस्थेला दोन लाख देतो. घेऊ का?

रोख किंवा चेक असा त्यांना देताच येत नाही. वॉर्डाच्या यादीतला पैसा (पुण्यात 'स' यादी म्हणतात) म्हणजे मनपाच्या बजेटमधलीच तरतूद असते, काम विभागच काढतो, निविदाही विभागच काढतो. नगरसेवक काम सुचवू शकतात, म्हणजे समाजमंदिराची दुरुस्ती, व्हीलचेअरसाठी रॅम्प, केंद्रात पाण्याची टाकी. मग त्यांच्याकडून तेच मागा, लेखी पत्र घ्या आणि विभागात आवक करा.

११. बिल सहा-सहा महिने येत नाही. पगार कुठून द्यायचे?

आमचंही एकदा सात महिन्यांचं बिल अडकलं होतं, महापालिकेचं नाव इथे घेत नाही. कारण शोधायला तीन महिने गेले, तर निघालं काय, एका महिन्याच्या हजेरी रजिस्टरच्या दोन पानांवर संघटिकेची सही राहिली होती, त्या मधल्या काळात बदलून गेल्या होत्या, आणि ते एक बिल थांबलं म्हणून त्यामागची सगळी थांबली. केअरटेकर मावशींनी स्वतःच्या बचत गटातून कर्ज काढून घर चालवलं. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बिल लावा, तीन महिन्यांचं एकत्र लावू नका. बिलासोबत हजेरी, पगारपत्रक, बँकेतून पगार दिल्याचा पुरावा आणि संघटकाचा कामाचा दाखला, एका पानावर यादी करून. विभाग, मग लेखा, मग लेखापरीक्षण असा प्रवास असतो, प्रत्येक टेबलावर त्रुटी निघू शकते, तेव्हा "सर्व त्रुटी एकत्र लेखी कळवाव्यात" असं पत्र पहिल्याच वेळी द्या. आणि काम घ्यायच्या आधी किमान चार महिन्यांचा पगार संस्थेच्या खात्यात वेगळा आहे का बघा. नसेल तर पन्नास माणसांऐवजी पंचवीस माणसांचं काम घ्या.

१२. टीडीएस आणि जीएसटी कापतात ते बरोबर आहे का?

वर्क ऑर्डर असेल तर आयकराचा टीडीएस कापतात, ट्रस्ट-सोसायटीला २ टक्के. रिटर्न भरून परत मिळतो, म्हणून कापल्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते का ते दर तिमाहीला बघा. शुद्ध अनुदान असेल तर ते कंत्राटाचं बिल नाही हे मंजुरी पत्रात स्पष्ट लिहून घ्या.

जीएसटीत एक महत्त्वाची सूट आहे. बारावी अनुसूचीतल्या कामांशी जोडलेली निव्वळ सेवा स्थानिक प्राधिकरणाला म्हणजे महापालिकेला दिली तर जीएसटी लागत नाही, त्यात वस्तूंचा भाग एकूण किमतीच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तरीही सूट राहते. निवारा चालवणं, सर्वेक्षण, समुपदेशन यात बसू शकतं. पण नुसती शिलाई मशीन पुरवठा केला तर ती वस्तूंची विक्री झाली, तिथे सूट नाही. निविदा भरायच्या आधी सीएला दाखवा, नंतर दाखवून उपयोग होत नाही.

१३. युसी म्हणजे काय आणि कधी द्यायचं?

युसी म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, मिळालेली रक्कम ज्या कारणासाठी मिळाली त्यासाठीच खर्च झाली असं सीएच्या सहीने देणं. मनपाचा स्वतःचा नमुना असतो तो मागून घ्या. पुढचा हप्ता यावरच अवलंबून असतो. वर्क ऑर्डरमध्ये बहुतेक वेळा लागत नाही. मनपाच्या पैशासाठी बँकेत वेगळं खातं ठेवलंत तर युसी एका दिवसात होतं, सगळं एकाच खात्यात असेल तर महिना जातो. एफसीआरएच्या खात्यात तर हा पैसा चुकूनही घेऊ नका, तिथे परदेशी देणगीशिवाय काहीच चालत नाही.

१४. त्याच निवाऱ्यासाठी एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) पण घेतला तर चालेल का?

चालेल, पण एकच खर्च दोघांना दाखवायचा नाही. मनपाकडून केअरटेकरचा पगार घेतलात तर सीएसआरमधून जेवण, औषधं, समुपदेशक घ्या. दोन्हीकडे लेखी कळवा की उरलेला खर्च दुसरीकडून येतो. एकाच व्हाउचरची झेरॉक्स दोन फायलींना लावलेली सापडली की संस्थेवरचा विश्वास जातो, हेतू कितीही चांगला असला तरी. सीएसआर घ्यायला संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, १ एप्रिल २०२१ पासून.

१५. आमचे एक विश्वस्त नगरसेवक झाले. आता काय?

आधी अभिनंदन करा, मग त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. कलम १०(१)(फ) नुसार महापालिकेच्या कराराशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारा माणूस नगरसेवक राहायला अपात्र ठरू शकतो. मानधन घेत नसले तरी वाद उभा राहतो आणि विरोधक तुमच्या करारालाच धरतात. निवडणुकीला उभं राहायच्या आधीच विश्वस्तपदाचा राजीनामा आणि चेंज रिपोर्ट (प्रश्न ६) हे सगळ्यात सुरक्षित. पत्नी, भाऊ विश्वस्त असतील तेव्हाही लपवू नका.

१६. मनपाची खोली किंवा समाजमंदिर वापरायला मिळेल का?

मिळकत द्यायला कलम ७९ लागतं आणि तिथे बाजारभावाचा प्रश्न येतो, म्हणून "एक रुपया भाड्याने द्या" हे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यापेक्षा जागा मनपाचीच, काम मनपाचंच, चालवणारी संस्था तुम्ही, असा सेवा करार मागा. निवारे आणि पाळणाघरं बहुधा अशीच चालतात.

१७. आधार नसलेल्या माणसाला निवाऱ्यात ठेवलं तर बिल कापतात. मग नाही म्हणायचं का?

नाही म्हणायचं नाही. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचे कागद पावसात भिजतात, चोरीला जातात, म्हणून तर तो आपल्याकडे येतो. योजनेतच लिहिलंय की निवाऱ्याने माणसाला ओळखपत्र, रेशन, बँक खातं यांच्याशी जोडून द्यायचं, म्हणजे कागद नसलेली माणसं येणारच हे गृहीत आहे. रजिस्टरमध्ये नाव, अंदाजे वय, अंगठा, फोटो, आल्याची वेळ आणि "ओळखपत्र नाही, प्रक्रिया सुरू" असा शेरा. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाला आधार नोंदणीसाठी ठरलेल्या नमुन्यात दाखला देता येतो, तो द्या आणि प्रत फायलीत लावा. बिल कापलं तर याच नोंदी दाखवून लेखी हरकत घ्या. आमच्याकडे एक काका नाव सांगायलाच तयार नव्हते, नऊ दिवस रजिस्टरमध्ये "अनोळखी, निळा स्वेटर" असं लिहिलं, दहाव्या दिवशी चहा पिताना स्वतःहून नाव आणि गाव सांगितलं.

एक अपवाद मात्र पक्का. रात्री एकटं लहान मूल आलं तर प्रौढांच्या निवाऱ्यात ठेवून घ्यायचं नाही, १०९८ ला फोन, पोलिसांना कळवा, आणि २४ तासांत बालकल्याण समितीसमोर नेलंच पाहिजे. मुलांना ठेवण्यासाठी बाल न्याय कायदा २०१५ ची वेगळी नोंदणी लागते, ती नसताना ठेवणं गुन्हा आहे. आईसोबत असलेलं मूल वेगळं, त्यांना कुटुंबाच्या निवाऱ्यात घ्या.

१८. कोणीतरी आमचा हिशोब माहिती अधिकारात मागितलाय. द्यायचा का? आणि बिल काढायला टक्के मागितले तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत पण नेहमी एकत्रच येतात. महापालिकेकडे असलेले तुमचे करार, बिलं, युसी माहिती अधिकारात दिली जाणारच. तुमच्या संस्थेला स्वतःला हा कायदा लागतो का हे सरकारी पैसा किती भरीव आहे यावर ठरतं, सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरीव सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थाही यात येतात असं सांगितलंय. माझं मत विचाराल तर कोणी मागायच्या आधीच वर्षाचा हिशोब निवाऱ्याच्या भिंतीवर लावा. फक्त लाभार्थ्यांची नावं, आजार, फोटो बाहेर जाऊ देऊ नका.

टक्के मागितले तर देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. बिल लांबेल ही भीती खरी आहे, मला माहितीये, म्हणूनच चार महिन्यांच्या पगाराची गंगाजळी आधी उभी करा असं प्रश्न ११ मध्ये सांगितलं.

१९. केंद्राचं अभियान संपलं, आमच्या कराराची मुदतही संपली, पण माणसं तर निवाऱ्यातच आहेत. बाहेर काढायचं का?

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची (प्रश्न ८ बघा) मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. अभियान संपलं तरी बारावी अनुसूची संपलेली नाही आणि सुप्रीम कोर्टाचा आदेशही, त्यामुळे निवारा चालू ठेवणं महापालिकेचीच जबाबदारी आहे, स्वतःच्या निधीतून.

मुदत संपायच्या तीन महिने आधी मुदतवाढीचं पत्र आवक करा, त्यात आज किती माणसं आहेत, किती आजारी, किती साठीच्या वरची, हे आकड्यांत लिहा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग आयुक्तांना. मुदतवाढ तोंडी मिळाली तर त्याच दिवशी ईमेल टाका, "आज झालेल्या चर्चेनुसार काम चालू ठेवत आहोत, देयक जुन्या दराने सादर करू". हा एक ईमेल नसल्यामुळे महिनोन्महिने केलेल्या कामाचे पैसे बुडालेल्या संस्था मी बघितल्यात.

आणि खरंच दुसऱ्या संस्थेकडे काम गेलं तर भांडण मनात असलं तरी हस्तांतर नीट करा. सामानाची यादी, नंबर लावलेली ब्लँकेटं, आणि प्रत्येक माणसाचं एक पान: कुठल्या गोळ्या चालू, कुठल्या दवाखान्यात नाव, आधारची पावती कुठवर आलीये, गावाकडच्या नातेवाइकाचा फोन. नव्या केअरटेकरला दोन रात्री तुमच्या जुन्या केअरटेकरसोबत थांबू द्या, म्हणजे कोणाला रात्री उठून दरवाजा तपासायची सवय आहे, कोणाला लाइट बंद केलेला चालत नाही, हे त्यांना कळेल.